हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, मग अंगातून वाफा येतात त्याला काय करायचं?

शिवणकाम_सोलापूर

नमस्कार सगळ्यांना. लिहू का नको करत चार दिवस गेले पण आता खरंच सहन होईना म्हणून विचारतेय. माझं वय ५०, पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. एमआयडीसीत युनिफॉर्मच्या एका युनिटमध्ये ओव्हरलॉक मशीनवर आहे. मे महिना म्हणजे आमचा खरा सीझन, शाळा उघडायच्या आत माल निघायला पाहिजे, आणि आपल्याकडचा मे तुम्हाला माहितीच आहे, पारा ४३ ला आणि डोक्यावर पत्रा. त्यात ह्या वाफा.

छातीतून सुरू होतं, मग मान, मग कान असे तापतात की इडलीच्या भांड्याचं झाकण काढून तोंड वर धरल्यासारखं. दोन-तीन मिनिटं. मग दरदरून घाम, आणि तो वाळला की अंगावर काटा. दिवसात दहा-बारा वेळा, रात्री तीन-चार वेळा वेगळं. रात्री चादर फेकते, पाच मिनिटांनी हुडहुडी भरली की अंधारात तीच चादर शोधते. सकाळी उठून डबा करायला अंगात जोर नसतो. परवा पांढऱ्या शर्टांचा लॉट होता, मान खाली घालून कॉलर ओढत होते आणि हनुवटीवरून घामाचा थेंब बरोबर कॉलरवर. तो पीस बाजूला काढावा लागला. कुणी काही बोललं नाही पण मला रडू आलं.

आता मुख्य मुद्दा. २०२१ ला माझ्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली होती, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या. त्यामुळे डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की हार्मोन तुम्हाला द्यायचे नाहीत. मेडिकलमधून प्रिमरोज ऑईलच्या कॅप्सूल आणून तीन महिने खाल्ल्या, काडीचा फरक नाही. मागच्या आठवड्यात मॅडमनी व्हेनलाफॅक्सिन ३७.५ लिहून दिली. पोरानं मोबाईलवर बघितलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. मला इतकं लागलं ते. मी त्यांना वेडी वाटले का? मी तर घामाचं सांगत होते. पाकीट तसंच न फोडता डब्यांच्या मागं ठेवलंय. कुणाला अनुभव आहे का, हार्मोन सोडून खरंच काही असतं का, का हे असंच सोसायचं?

जुळे_सोलापूर_५३

ताई आधी ते पाकीट डब्यांच्या मागून बाहेर काढा. तुम्ही लिहिलंय ते मी शब्द न् शब्द जगलेय, फक्त माझी वाट वेगळी. २०२२ ला स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, आणि मग कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती टॅमॉक्सिफेन सुरू झाली आणि त्या गोळीनं वाफा अशा सुरू झाल्या की केमो परवडली म्हणायची वेळ आली. हार्मोनचं तर आमच्यात नावच काढायचं नाही. मला पण हीच व्हेनलाफॅक्सिन दिली होती आणि मला पण वाटलं होतं की माझं दुखणं मनाचं समजतायत, पण आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की बाई ही गोळी मेंदूतल्या ज्या रसायनांवर काम करते त्यांचा तापमानाशी पण संबंध आहे, म्हणून देतोय. कुणी आधी एवढं सांगितलं असतं तर तुमचे आठ दिवस वाचले असते.

माझा अनुभव सांगते. पहिले पाच-सहा दिवस मळमळ, तोंड कोरडं. जेवणानंतर घ्यायला लागले तशी मळमळ गेली. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री सलग पाच तास झोप लागली, मला वाटलं घड्याळ बंद पडलंय. वाफा गेल्या नाहीत पूर्ण, पण निम्म्याच्या खाली आल्या आणि ज्या येतात त्यांचा जोर गेला.

एक चूक माझी तुम्ही करू नका. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी घरात पाहुणे, त्या गडबडीत गोळ्या संपल्या आणि तीन दिवस घेतल्याच नाहीत. चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, उगाच चिडचिड. मनानं एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

आणि इथं टॅमॉक्सिफेनवाली कुणी वाचत असेल तर, ह्याच जातीतली पॅरॉक्सेटीन नावाची गोळी असते, ती टॅमॉक्सिफेनचं काम कमी करते. आपण काय काय घेतो ते प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, दातांच्या डॉक्टरला पण.

सिस्टर_आक्का

मी २२ वर्षं बायकांच्या वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

वेड्याबिड्याचा काही संबंध नाही. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून एक भाग असतो, अंगाचं तापमान तोच सांभाळतो. पाळी चालू असते तोवर अंग जरा तापलं जरा निवलं तरी तो चालवून घेतो. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, कमी झालं की चालवून घ्यायची त्याची तयारी फार कमी होते, जराशी उष्णता वाढली की त्याला वाटतं अंग पेटलं, मग कातडीकडं रक्त सोड, घाम काढ, असे हुकूम सुटतात. ताप नसतो, पण शरीर ताप उतरवायला धावतं. म्हणूनच नंतर थंडी वाजते, कारण गरज नसताना अंग गार केलं जातं. पत्र्याखाली बसणाऱ्या बाईला हे जास्त का होतं ते आता कळलं असेल.

आणि "आमच्या वेळी असलं काय नव्हतं" हे कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. होतंच. माझ्या वॉर्डात साठीच्या आज्ज्या सांगायच्या की पहाटे उठून हौदावर पाणी घेत होतो अंगावर, कुणाला कारण सांगायची सोय नव्हती.

आता तुमच्या बाबतीत मला तीन प्रश्न आहेत. थायरॉईड तपासलंय का? थायरॉईड वाढलं तरी असाच घाम आणि धडधड होते, टीएसएच ही साधी रक्ताची तपासणी आहे. दुसरं, रात्रीच्या घामाबरोबर ताप, खोकला, वजन उतरणं असं काही आहे का? असेल तर पाळीवर ढकलायचं नाही, टीबीची तपासणी करायची. तिसरं आणि महत्त्वाचं, पायात गाठ झाली होती म्हणताय तर इकोस्प्रिन, म्हणजे रक्त गोठू नये म्हणूनची ॲस्पिरिनची गोळी, चालू आहे का अजून? आणि कंबर-मान दुखते म्हणून दुखण्याच्या गोळ्या घेता का? व्हेनलाफॅक्सिनच्या जातीच्या गोळ्यांनी रक्तस्राव व्हायचा धोका थोडा वाढतो, त्यात इकोस्प्रिन आणि वर आयब्युप्रोफेनसारखी गोळी असेल तर पोटात त्रास होऊ शकतो. मॅडमना हे माहिती आहे का बघा. बीपी पण मोजत रहा, ह्या गोळीनं काही जणींचं वाढतं.

बाळीवेस_काकू

माझं मत वेगळं आहे ओ. ह्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. माझ्या नणंदेला झोपेच्या गोळ्यांची अशीच सवय लागली. शतावरी, सोयाबीनचं पीठ भाकरीत, सब्जाचं पाणी, तिखट आणि चहा बंद, योगा. निसर्गाचं आहे ते निसर्गानंच जाईल. आपल्या सोलापूरच्या बायकांनी तिखट सोडलं तर अर्धा त्रास कमी होईल.

औषधनिर्माता_मूळ_सोलापूर

काकू तुमची काळजी खोटी नाही पण दोन गोष्टी वेगळ्या करायला पाहिजेत. मी बी. फार्म. केलंय, आता पुण्यात असतो, घर अशोक चौकात. माझ्या आईला हाच त्रास झाला तेव्हा मी सगळं वाचून काढलं होतं.

झोपेच्या गोळ्यांची सवय लागते ती वेगळी. व्हेनलाफॅक्सिनची तशी तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. एकदम तोडली तर वर ताईंनी सांगितलं तसा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात, एवढंच. आणि हा काही अंदाजपंचे प्रकार नाहीये. २००० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांवरचा, चार आठवड्यांचा. नुसती पिठाची गोळी घेतलेल्यांच्या वाफा पण २७ टक्के कमी झाल्या, ३७.५ एमजी घेतलेल्यांच्या ३७ टक्के, ७५ एमजीच्या ६१ टक्के, आणि १५० एमजीच्या पण ६१ टक्केच. म्हणजे ७५ च्या वर जाऊन वाफांत फायदा वाढला नाही, साईड इफेक्ट तेवढे वाढले. म्हणून ताई तुम्हाला सुरुवातीला ३७.५ दिलीय, लगेच फरक नाही पडला तर गोळी वाईट म्हणून टाकून देऊ नका, डोस पुढे बदलतात.

त्यातला पिठाच्या गोळीचा २७ चा आकडा परत बघा. काहीच औषध नसताना चौथा हिस्सा कमी! म्हणूनच कुणाला प्रिमरोजनं बरं वाटतं, कुणाला शतावरीनं, कुणाला अंगाऱ्यानं. प्रिमरोज ऑईल नीट तपासलं तेव्हा ते पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आईच्या प्रिमरोजवर आमचे पण बरेच पैसे गेलेत, म्हणून एवढं तळमळून लिहितोय.

अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीनं २०२३ ला फक्त हार्मोन सोडून असलेल्या उपायांवर एक मोठा आढावा काढला. त्यांनी हो म्हटलं ते व्हेनलाफॅक्सिनच्या जातीच्या गोळ्या, गॅबापेंटिन, लघवीच्या त्रासाला देतात ती ऑक्सिब्युटिनिन, सीबीटी नावाचं समुपदेशन, संमोहन उपचार, वजन जास्त असेल तर ते उतरवणं, आणि फेझोलिनेटंट नावाचं नवीन औषध. सोया, जडीबुटी, ॲक्युपंक्चर, लांब श्वास घ्यायचे व्यायाम, योगा, तिखट-चहा सोडणं, ह्यांना वाफांवरचा उपाय म्हणून त्यांनी नाही म्हटलं. योगा वाईट असं कुणी म्हणत नाही, सांध्यांना झोपेला चांगलाच आहे, पण तो केल्यावर पण वाफा येत राहिल्या तर बाईनं स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

ते नवीन औषध सांगतो कारण आई रोज विचारायची. हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी इस्ट्रोजेन कमी झालं की जास्त चेकाळतात, त्यांच्या निरोपाचा रस्ताच हे औषध अडवतं, हार्मोनला हात न लावता. अमेरिकेत मे २०२३ ला मंजूर झालं, ४५ एमजी दिवसातून एकदा. पण लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आल्यामुळे डिसेंबर २०२४ ला तिथल्या सरकारनं त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आधी लिव्हरची तपासणी आणि पहिले तीन महिने दर महिन्याला परत. २०२५ ला एलिन्झानेटंट म्हणून त्याच्याच नात्यातलं अजून एक आलं. ऑनलाईन कुणी "इम्पोर्टेड" म्हणून विकत असेल तर अजिबात घेऊ नका, डॉक्टर आणि तपासण्या सोबत नसतील तर हे औषध घ्यायचं नाही.

सिस्टर_आक्का

बरोबर लिहिलंय. काकूंना एवढंच की सब्जा प्या, गार वाटतं, छानच आहे. पण शतावरीचं मात्र पायात गाठ झालेल्या आणि कॅन्सरवाल्या बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, घरगुती आहे म्हणून सगळ्यांना चालतं असं नसतं. ब्लॅक कोहोश म्हणून परदेशी जडीबुटीच्या गोळ्या पण हल्ली मिळतात, त्यानं काही जणींचं लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत.

होटगी_रोड_मास्तर

मी पुरुष माणूस, ह्या धाग्यावर लिहावं का कळेना, पण माझ्या मिसेसचं सांगतो. तिला बीपी असल्यानं व्हेनलाफॅक्सिन न देता रात्री झोपताना गॅबापेंटिन ३०० दिली. दिवसाच्या वाफा तिच्या कमीच होत्या, रात्रीच्या फार. त्या गोळीनं झोप सुधारली हे नक्की. पण सकाळी उठल्यावर गुंगी राहायची, पहिल्या आठवड्यात एकदा बाथरूममध्ये तोल गेला. डॉक्टरांनी गोळीची वेळ थोडी आधी आणायला सांगितली मग जमलं. तेवढे दिवस मी तिला स्कूटी चालवू दिली नाही. शिवणकामवाल्या ताई, तुम्ही मशीनवर असता, म्हणून गुंगीची गोळी दिवसा घ्यायचा विषय आला तर मॅडमना मशीनचं नक्की सांगा.

आणि घरातल्या पुरुषांना सांगतो, रात्री फॅनवरून भांडू नका. मी वेगळा टेबल फॅन आणला, तिच्या बाजूला लावला.

सात_रस्ता_टीचर

सीबीटीबद्दल कुणी जास्त लिहिलं नाही म्हणून. मी शाळेत शिकवते, मला गोळी नकोच होती, एका समुपदेशक बाईंकडं व्हिडिओ कॉलवर सहा वेळा बसले. खरं सांगते, वाफा मोजल्या तर जवळपास तेवढ्याच राहिल्या. पण वर्गात फळ्याकडं तोंड असताना वाफ आली की माझ्या डोक्यात पहिलं काय यायचं, "चाळीस पोरं बघतायत, सगळ्यांना कळलं". ह्या विचारानं धडधड वाढायची आणि वाफ अजून चढायची. बाईंनी मला लिहून काढायला लावलं, की खरंच कुणी बघितलं का, बघितलं तर काय म्हणालं. आठवडाभर लिहिलं. एका मुलीनं एकदा "टीचर पाणी देऊ?" विचारलं, एवढंच. तेव्हापासून वाफ आली की खडू खाली ठेवते, खांदे सैल सोडते, पाण्याचा घोट घेते, आणि ती जाईपर्यंत थांबते. तीन मिनिटांत जातेच. ताई तुमच्या त्या कॉलरच्या थेंबाचं वाचून मला माझा फळा आठवला. पैशामुळे समुपदेशक जमत नसेल आणि मन फार खचलं असेल तर १४४१६ हा सरकारी टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शिवणकाम_सोलापूर

किती जणींनी आणि दादांनी लिहिलंत, मी जेवणाच्या सुट्टीत वाचत होते आणि शेजारच्या मशीनवरच्या दोघींना पण वाचून दाखवलं. त्यातल्या एकीला पण हेच होतंय, दोन वर्षं शेजारी बसतो, एकमेकींना बोललो नव्हतो.

सिस्टर आक्का, इकोस्प्रिन ७५ रोज चालू आहे. आणि मान दुखते म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा आयब्युप्रोफेनची गोळी घेते, ती मॅडमना कधी सांगितलीच नाही, ते काय औषध असतं का असं वाटलं. थायरॉईड दोन वर्षांपूर्वी केलं होतं. ताप खोकला नाही, वजन उलट वाढलंय.

सिस्टर_आक्का

मग उद्याच मॅडमना भेटा किंवा फोन करा, गोळी सुरू करायच्या आधी. दोन वर्षांपूर्वीचं थायरॉईड आता चालणार नाही, परत करा. आणि अजून एक, वाफांशी संबंध नाही पण तुमच्या वयाच्या सगळ्यांना सांगते, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

एक वही करा. तारीख, दिवसा किती, रात्री किती. नुसतं "फरक वाटतोय" म्हणून डॉक्टरला काही कळत नाही, आकडा दिला की डोस ठरवता येतो. कामावर ओला नॅपकिन मानेवर ठेवा, ते औषध नाही पण तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि थेंब कॉलरवर न पडता नॅपकिनमध्ये जाईल.

शिवणकाम_सोलापूर (२५ दिवसांनी)

सांगायचं राहिलं होतं. मॅडमना सगळं सांगितलं, त्यांनी आयब्युप्रोफेन पूर्ण बंद करून पॅरासिटामॉल दिली, आणि मला स्वतःहून म्हणाल्या की गोळी कशासाठी देतेय ते मी आधी नीट बोलायला पाहिजे होतं. इकोस्प्रिन चालू ठेवलीय, पोटात दुखलं किंवा शौचाला काळं झालं तर लगेच यायला सांगितलंय. टीएसएच नॉर्मल आलं. बीपी दर आठवड्याला बघतेय, काल १२८/८० होतं.

पहिले चार दिवस मळमळलं, जेवून घेतली तरी. पाचव्या दिवसापासून नाही. दहाव्या दिवशी मॅडमनी ७५ केली. वहीतलं सांगते, पहिल्या दिवशी दिवसा ११ रात्री ४, पंधराव्या दिवशी दिवसा ७ रात्री २, काल दिवसा ५ रात्री १. रात्रीची एक येते ती पहाटे, तेव्हा तसंही पाणी यायची वेळ असते. तोंड कोरडं पडतं अजून, त्याला काय करावं? बडीशेप चघळते.

सासूबाईंना वही दाखवली. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, मला रात्री अंगणात झोपायला लागायचं तेव्हा, सगळ्यांना वाटायचं मी रुसलेय.

सिस्टर_आक्का

बडीशेप चालेल, साखरेच्या गोळ्या नकोत, दात किडतात कोरड्या तोंडात. पाणी घोट घोट पीत रहा. वही सोडू नका, तीन महिन्यांनी मॅडमना परत दाखवा.

शिवणकाम_सोलापूर

हो आक्का. शेजारच्या मशीनवालीनं पण वही केलीय, सोमवारी तिला घेऊन मॅडमकडं जातेय. पांढरा लॉट परवा गेला पूर्ण, एक पण पीस बाजूला काढावा लागला नाही.